विषम आकड्यांचे देवरे सर

११ मार्च २०२३, शनिवार, सकाळी अकरा वाजून सात मिनिटे. माझ्या नोंदवहीत या वेळेसमोर दोन आकडे आहेत. अपेक्षित : १४.२० मेगाहर्ट्झ. प्रत्यक्ष : १३.७४. खाली फरकाची टक्केवारी काढली आहे, ३.२, आणि ती मी इतक्या जोरात अधोरेखित केली आहे की रेघ पुढच्या पानावरही उमटली आहे.

दुधनीला, मधुबन जलाशयाच्या एका अरुंद फाट्यावर, अलीकडच्या आणि पलीकडच्या काठावरील दोन ताडांमध्ये आम्ही तांब्याची तार ताणली होती. लांबी दहा मीटर सव्वीस सेंटिमीटर, बरोबर मध्यावर छेद, आणि त्या छेदातून खाली माझ्या मापकापर्यंत आलेली एक केबल. अँटेना याहून साधी असू शकत नाही. ही तार नेमक्या कोणत्या वारंवारितेला झंकारेल याचे भाकीत मी स्वतः लिहिलेल्या संगणक-प्रणालीने केले होते आणि ते आठवडाभर आधी एका संशोधन संस्थेकडे पाठवले होते. तिथे एकच जागा होती. अर्जात मी लिहिले होते : प्रत्यक्ष मोजमाप भाकिताच्या एक टक्क्याच्या आत येईल. असे लिहिण्याची कोणी सक्ती केली नव्हती. ते वाक्य माझ्या महत्त्वाकांक्षेने लिहिले होते. मोजमापाचा अहवाल त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत पोहोचायचा होता. दुधनीला मोबाइलची रेंज नव्हती, ती खानवेलला यायची. म्हणजे साडेतीनला निघणे भाग होते.

देवरे सरांच्या डाव्या कानाच्या पाळीवर होळीचा गुलाबी रंग अजून शिल्लक होता. त्यांनी मापकात डोकावून पाहिले, मग वर तारेकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"काय वं माय," ते म्हणाले, "तुनं गणित खोटं, का मनी तार खोटी?"

आणि चहावाल्याला हाक मारून त्यांनी तीन चहा सांगितले. मापकाशी आम्ही दोघेच होतो. तो तिसरा चहा कोणाचा, हे समजले तर देवरे सर समजले असे म्हणता येईल; म्हणून १३.७४ हा आकडा थोडा वेळ तसाच लटकत ठेवून मी आधी त्या चहाबद्दल सांगते.

तारेचे गणित करायचे म्हणजे तिचे मनातल्या मनात तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात किती विद्युत्प्रवाह वाहतो ते अज्ञात. जितके तुकडे तितकी अज्ञाते आणि तितकीच समीकरणे. वीज तारेच्या बरोबर मध्यावर सोडलेली असते, त्यामुळे मध्यावर एक अख्खा तुकडा असावा लागतो. तुकडे सम असले तर मध्यावर तुकडा न येता दोन तुकड्यांचा सांधा येतो आणि वीज सोडायला जागाच उरत नाही. म्हणून तुकडे नेहमी विषम. नऊ, एकवीस, एक्केचाळीस. हा नियम जगातला प्रत्येक अँटेनावाला तारेपुरता पाळतो. देवरे सर तो भाकरीपासून पाळायचे. भाकरीचे सात घास, कांद्याच्या पाच फोडी, शर्टाला सात गुंड्या. सहा गुंड्यांचा शर्ट विकत मिळाला तर काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तळाशी एक जास्तीची शिवून द्यायच्या. दोघे बसले तर तीन चहा. तिसरा मध्ये ठेवायचा, कोणी आले तर त्याला, नाहीतर दोघांत अर्धा अर्धा. "मध्य मोकळा नको," हे त्यांचे स्पष्टीकरण. एरवी त्यांच्याइतका अंधश्रद्धांवर तुटून पडणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण ही अंधश्रद्धा नसून सममिती आहे, असे ते बजावायचे.

पूर्ण नाव आत्माराम दगा देवरे. गाव साक्री तालुक्यातले. बाविसाव्या वर्षी ते सिल्वासाला एका तारेच्या कारखान्यात लागले आणि अठरा वर्षे एकाच यंत्रावर उभे राहिले. एका बाजूने उघडी तांब्याची तार आत जायची, दुसऱ्या बाजूने प्लास्टिकचे वेष्टण चढून बाहेर यायची. मधल्या काळात त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला आणि सुट्टीच्या दिवसांत, पाठकोऱ्या कागदांवर, समीकरणांच्या संचाची उकल स्वतःची स्वतः शिकून घेतली. चाळिशीत ते आमच्या कॉलेजात आले. हजेरीपटावर त्यांचा हुद्दा प्रयोगशाळा सहायक असा होता आणि त्या हुद्द्याला 'सर' म्हणण्याची पद्धत नव्हती. ती पद्धत आमच्या आधीच्या कुठल्यातरी तुकडीने पाडली आणि नंतर कोणी मोडली नाही.

अंतरे ते मीटरमध्ये सांगत नसत. त्यांची आवडती लहर वीस मीटरची. कँटीन तिच्या चार लांब्यांवर होते, ग्रंथालय दोन, आणि रांधा गाव साडेचारशे. एकदा एका नवीन प्राध्यापकांनी बसस्टँड किती लांब आहे असे विचारले, तर सर गंभीरपणे म्हणाले, "जवळच आहे साहेब, पंचवीस-तीस लहरी. वाटेत एक उतार आहे, तेवढा वजा करा." ते प्राध्यापक रिक्षाने गेले.

माझी त्यांची खरी ओळख दुसऱ्या वर्षी झाली. मी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लॅपटॉपशी भांडत होते. तुकड्यांचा एकमेकांवर होणारा परिणाम काढायचा होता : प्रत्येक तुकड्यातला प्रवाह बाकीच्या सर्व तुकड्यांवर क्षेत्र निर्माण करतो, आणि ते अंतराने भागले जाते. शेजारच्या तुकड्यासाठी उत्तर येत होते, लांबच्या तुकड्यासाठी येत होते. पण तुकड्याचा स्वतःवरचा परिणाम काढायला गेले की शून्याने भागाकार होऊन प्रणाली कोसळत होती. सर सोल्डरिंगच्या तारेची गुंडाळी शोधत माझ्यामागे आले होते.

"काय करी ऱ्हायनी वं माय?"

मी सांगितले. थोड्या तोऱ्यातच सांगितले. सहायकाला काय कळणार, असा माझा सूर होता हे आज लिहून टाकलेले बरे.

त्यांनी स्टूल ओढले. "बाकी सगळ्यांशी बोलणं जमतं, स्वतःशी बोलायला गेलं की स्फोट होतो. असंच ना?"

"हो."

"कारण तू स्वतःपासून अंतर शून्य धरतेस. प्रवाह तारेच्या पोटात, मधोमध. आणि तू बघतेस पण तिथंच बसून. तिथून नको बघू. तारेच्या कातडीवर येऊन बस आणि तिथून पोटाकडे बघ. मग अंतर किती?"

"तारेची त्रिज्या."

"मग शून्य कुठं राहिलं?" त्यांनी टेबलावरची तार उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरली. "स्वतःकडे बघायचं, पण जरा लांबून. फार लांबून नको हां. आपल्या जाडीइतकं."

सूत्रात मी एका वर्गमूळाखाली त्रिज्येचा वर्ग मिळवला. प्रणाली चालली. पडद्यावर प्रवाहाची कमान उमटली : मध्यावर उंच, दोन्ही टोकांना शून्यावर टेकलेली, एकाही कोनाशिवाय. मी खुर्चीतून उठून दोन्ही हात वर केले आणि प्रयोगशाळेत ज्या आवाजात बोलू नये त्या आवाजात ओरडले. सर शांतपणे सोल्डरिंगची तार घेऊन गेले. दारातून म्हणाले, "आता तुकडे वाढव. पण हावरटपणा करू नको."

मी हावरटपणा केला. एकवीस तुकड्यांनी इतके चांगले उत्तर येते, तर आठ हजारांनी किती चांगले येईल, असा माझा तर्क होता. आठ हजार एक, खरे तर. विषमाची सवय लागली होती. लॅपटॉपचा पंखा सकाळपासून दुपारपर्यंत घरघरत राहिला. सामरवरणीच्या आमच्या घरी आईने दोनदा येऊन विचारले की हे काही पेटणार तर नाही ना. शेवटी आलेली कमान कंगव्यासारखी दिसत होती. प्रवाह टोकांजवळ थरथरत होता, वर-खाली उड्या मारत होता. मी सरांना फोन केला आणि आकडे वाचून दाखवले. पलीकडून एक बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. सरांचे हसणे असे सुरू होत असे : आधी नाकातून, मग खांद्यांतून, आवाज सर्वांत शेवटी.

"तुकडा किती लांबीचा झाला?"

"सव्वा मिलिमीटर."

"आणि तार दीड मिलिमीटर जाड! अगं, तार होती, तू तिच्या चकत्या केल्या! काकडी आहे का ती?" आणि मग लांब कोणाला तरी, बहुधा काकूंना, "ऐकलं का, ही पोरगी तारेची कोशिंबीर करी ऱ्हायनी!"

महत्त्वाकांक्षेला वरची मर्यादा असते आणि ती वस्तूच्या जाडीवरून ठरते, हा धडा मला त्या कंगव्याने दिला. तो मी नंतर लगेच विसरले, हे 'एक टक्का' या शब्दांवरून दिसतेच.

सर शिकवत नसत. ते मांडणी करत. एकदा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना समीकरणे उमगत नव्हती, तेव्हा त्यांनी नऊ जणांना व्हरांड्यात एका ओळीत उभे केले आणि सर्वांच्या हातात एकच दोरी दिली. मधला मुलगा दोरी हलवी; प्रत्येकाने आपल्या मुठीला किती हिसका बसला ते मोठ्याने सांगायचे. मग दुसऱ्याने हलवायची, मग तिसऱ्याने. "बघा, हा हलला तर तो हलतो. शेजारी जास्त, लांबचा कमी, पण सुटत कोणीच नाही. एकटा कोणीच नाही ह्या ओळीत. नऊ जण नऊ जणांना जाणवतात, किती आकडे झाले?" "एक्क्याऐंशी!" "हेच तुमचं कोष्टक. ह्याला घाबरता?"

एवढ्यात प्राचार्य आले. गोंगाट कशाचा, हे पाहायला आले होते. त्यांना पाहताच एक मुलगा दोरी सोडून पळाला आणि आठच जण उरले. सरांनी ताबडतोब दोरीचे मोकळे टोक प्राचार्यांच्या हातात दिले.

"धरा सर. आठ चालत नाहीत."

प्राचार्यांनी धरले. काही माणसांच्या बोलण्यात इतकी निकड असते की आधी हात पुढे होतो आणि प्रश्न नंतर सुचतो.

"मी नेमका कोण आहे इथे?" प्राचार्यांनी विचारले.

"तुम्ही शेवटचा तुकडा, सर. तुमचा करंट शून्य."

मुलांनी हसू दाबायला माना खाली घातल्या. सरांच्या लक्षात आले. "पण व्होल्टेज सगळ्यात जास्त, सर," ते घाईने म्हणाले. "टोकाला नेहमी तसंच असतं. खोटं नाही सांगत, पोरांना विचारा."

प्राचार्य पुढची दहा मिनिटे दोरी धरून उभे होते आणि जाताना त्यांनी पुढचा प्रयोग कधी आहे असे विचारले.

सरांचे घर आमच्यापासून सहा लहरींवर, सामरवरणीतल्याच एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. गच्चीवर त्यांची स्वतःची अँटेना होती : पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत ताणलेली एक तार. संध्याकाळी सहाला ते रेडिओसमोर बसायचे आणि इंदूर, कोझिकोड, कधी कझाकस्तान अशा ठिकाणच्या अनोळखी माणसांशी बोलायचे. प्रत्येक बोलण्याच्या शेवटी 'त्र्याहत्तर' म्हणायचे. रेडिओवाल्यांचा हा जुना निरोपाचा संकेत. अर्थ इतकाच की मनापासून शुभेच्छा. सरांना तो विशेष प्रिय होता, कारण आकडा विषम होता.

त्या तारेवर काकू कपडे वाळत घालायच्या. यावरून त्या घरात जे चालायचे त्याला भांडण म्हणता येणार नाही. तो दीर्घकालीन करार होता.

"तार तुमनी, कपडा मना," काकू मला समजावून सांगत. "मी साड्या टाकल्या की ह्यांचं मशीन खाली उतरतं. काढल्या की वर. हे खाली बसून ओळखतात, आज किती धुणं आहे ते."

"पैज लाव," सर म्हणायचे. मापकात पाहायचे. "आज दोन साड्या आणि एक चादर."

"तीन साड्या."

"एक वाळली आहे म्हणून धरली नाही."

मी गच्चीवर जाऊन पाहून आले. एक साडी खरोखरच वाळलेली होती. त्या दिवशी हसून हसून माझ्या हातातला चहा सांडला. आणि तारेवर काही पांघरले की तिचा आकडा खाली उतरतो, ही गोष्ट मी विनोद म्हणून लक्षात ठेवली. विज्ञान म्हणून ठेवायला हवी होती.

आता दुधनीला परत जाते. अकरा वाजून सात मिनिटे, १३.७४, तीन चहा.

पुढचे दोन तास मी माझ्या प्रणालीची ओळ न् ओळ तपासली. खालच्या पाण्याचा आरशासारखा परिणाम गणितात होता. तारेची जाडी होती. तुकडे एकवीस होते. मोकळ्या जागेसाठीच आम्ही सिल्वासातले पत्रे, खांब आणि केबलींची जाळी सोडून चाळीस किलोमीटर आलो होतो. सरांनी रमणभाईंच्या होडीतून दोन फेऱ्या मारून पलीकडच्या ताडाची दोरी दोनदा बदलली. रमणभाई तिथलेच, मासे धरायचे आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांना फिरवायचे. तार पुन्हा उतरवून टेपने मोजली : दहा मीटर सव्वीस. पुन्हा चढवली : १३.७४. जिद्दी आकडा होता.

आमचा जीपवाला जीतूभाई सकाळपासून बॉनेटवर बसून सगळे पाहत होता. सव्वा वाजता त्याने तोडगा सुचवला. "मॅडम, आकडा वर पाहिजे ने? तार थोडी कापून टाका. छोटी केली तर वर जाशे ने?"

तो बरोबर होता. दोन्ही टोकांकडून प्रत्येकी सोळा-सतरा सेंटिमीटर कापले असते तर मापकात १४.२० दिसले असते. फोटोत सोळा सेंटिमीटर कोणाला दिसणार होते? मी पक्कडीकडे पाहिले. किती वेळ पाहिले ते वहीत नोंदवलेले नाही.

सरांनी पक्कड उचलून खिशात घातली. रागावले नाहीत. "लांबी आपण लिहून दिली आहे," एवढेच म्हणाले. "उघड्या तांब्याची तार, दहा सव्वीस. तेच मोजायचं. चुकलं तर चुकलं म्हणून पाठव. चूक पण पाठवता येते वं."

मी अहवालाचा मसुदा उघडला आणि 'भाकीत चुकले' हे शब्द टाइप केले. ते दिसायला फार छोटे होते.

त्या वेळी जमनीबेन तिथे मासे साफ करत बसल्या होत्या. रमणभाईंच्या त्या नात्यातल्या. सोबत त्यांच्या दोन जावा. तिघींनी सकाळपासून आमचे सर्व उपद्व्याप पाहिले होते आणि आपसात बरीच टिंगल केली होती. तार पुन्हा जमिनीवर उतरवलेली होती. जमनीबेननी खवल्यांनी चमकणाऱ्या हातातली सुरी तिच्याकडे रोखली.

"ही कसली तार?"

"तांब्याची," मी म्हणाले.

"तांब्याची बोलतेस, न् ही तर हिरवी."

मी तारेकडे पाहिले. तार हिरवी होती. सकाळपासून हिरवी होती. प्लास्टिकच्या वेष्टणातली, सरांच्या जुन्या कारखान्यातून आणलेली, उत्तम प्रतीची हिरवी तार. तारांच्या कारखान्यांच्या सिल्वासात मी लहानाची मोठी झाले. तिथे तार म्हटले की रंगीतच असते, घराघरात तिच्या गुंडाळ्या पडलेल्या असतात, तिच्यावर कपडे वाळतात, तिने झोपाळे बांधतात. तिला रंग असतो हे तिथे कोणाला दिसतच नाही. माझ्या गणितातली तार मात्र उघडी होती. आणि प्लास्टिक पांघरलेली तार उघड्या तारेपेक्षा खाली झंकारते, हे मला काकूंनी साड्यांसकट शिकवले होते.

"सर," मी म्हणाले. "तारेवर कपडे आहेत."

सरांनी तारेवरून एक बोट फिरवले. मग नाकातून ती बारीक शिट्टी सुरू झाली. खांदे हलू लागले. ते तिथेच मातीत बसले.

"अठरा वर्षं!" ते म्हणाले आणि पुढचे बोलता येईना. पुन्हा प्रयत्न केला. "अठरा वर्षं... मीच... स्वतःच्या हातानं... रोज... तारेला कपडे... आणि आज मलाच..." डोळ्यांतून पाणी वाहू लागले. जमनीबेन हसू लागल्या, कारण सर हसत होते. जीतूभाई हसू लागला, कारण जमनीबेन हसत होत्या. आणि मी हसू लागले, कारण सगळेच हसत होते. हसणाऱ्यांच्या त्या ओळीतही एकटे कोणीच नव्हते.

घड्याळात एक पन्नास झाले होते. दुसरी तार आणायला वेळ नव्हता. होती तीच सोलायची.

"हिला उघडी करायची!" सर उठले. "सुऱ्या काढा. उभी चीर द्यायची आणि साल ओढायची. तांब्याला ओरखडा नको. दहा मीटर, नऊ माणसं, प्रत्येकाला सव्वा मीटरच्या आत."

माणसे मोजली. सर, मी, जीतूभाई, रमणभाई, जमनीबेन, दोन जावा, चहावाला. आठ.

"आठ पुष्कळ झाले, सर," मी म्हणाले. "सुरू करू या."

"आठ? मग मध्यावर कोण?"

"सर, आत्ता काम सोलायचं आहे. गणित नाही."

"मध्य मोकळा नको."

एक पंचावन्न. माझी जागा, माझे वाक्य, माझा एक टक्का हे सर्व एका भाकरीच्या नियमावर येऊन थांबले होते, आणि मला त्यांचा गळा धरावासा वाटला हे मी नाकारत नाही. त्याच वेळी काठावरून एक मिरवणूक आली : छायाचित्रकार, त्याची चांदीच्या रंगाची छत्री, आणि लग्न ठरलेले एक जोडपे. दुधनीला असे फोटो काढायला वापी-सुरतेकडून लोक येतात. मुलीने जमिनीला लोळणारा जांभळा झगा घातला होता.

"इथे काय चाललंय?" तिने हिंदीत विचारले.

सर तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि हिंदीतच म्हणाले, "बेटा, एक तार के कपडे उतारने हैं। एक आदमी कम पड़ रहा है।"

वाक्य कानावर पडताच नवरदेव एक पाऊल पुढे आला. पण मुलीने माझ्याकडे पाहिले, मापकाकडे पाहिले, माझ्या चेहऱ्यावर जे काही होते ते पाहिले, आणि झगा दोन्ही हातांनी गोळा करून खाली बसली. तिचे नाव ध्रुवी. नवरदेवही तिच्या शेजारी बसू लागला.

"नाही, नाही!" सर ओरडले. "तुम्ही उभे राहा! दहा होतील!"

तो उभा राहिला. त्या पाऊण तासात त्याने ध्रुवीचा झगा चिखलात पडू नये म्हणून धरून ठेवला आणि बाजूने छत्री धरली. हा विवाह टिकेल असा माझा अंदाज आहे.

तार सरळ अंथरली आणि आम्ही नऊ जण तिच्या कडेने एका ओळीत बसलो. मला सरांनी मधोमध बसवले, जिथे केबल जोडलेली होती. स्वतः ते थेट शेवटी, पलीकडच्या टोकाला जाऊन बसले. जमनीबेन आणि त्यांच्या जावा खवले काढावे तशा सफाईने चिरा देत गेल्या. त्यांच्या तीन भागांचे काम माझ्या अर्ध्या भागाआधी झाले. ध्रुवीने सुरी घेतलीच नाही. तिला लग्नासाठी लावलेली लांब, मोतिया रंगाची नखे होती आणि ती नखे त्या हिरव्या सालीखाली अशी सरकत होती की जणू याच कामासाठी बनवली होती. कोणी जोरात ओढले की तार सर्वांच्या हातांत थरथरायची.

"कोण हललं?" टोकाकडून सरांचा आवाज.

"मैं, अंकल!"

"इथपर्यंत आलं! शाबास!"

दोन चाळीसला तार उघडी झाली. मार्चच्या उन्हात ती अशी लखलखली की चहावाल्याने डोळ्यांवर हात धरला. हिरव्या सालींचा ढीग जमनीबेननी मागून घेतला. परसातल्या माळव्याच्या वेलांना बांधायला. सर रमणभाईंच्या होडीतून दोरी घेऊन पलीकडच्या काठाला गेले. दोरी ओढली गेली, तार पाण्यावर उचलली गेली, झुलली, स्थिरावली. मी अलीकडे, मापक हातात. रमणभाई होडीवर; बाकी आठ जण, म्हणजे नवरदेव आणि छायाचित्रकार धरून, माझ्या खांद्यांवरून वाकलेले. एरवी मला कोणी खांद्यावरून पाहिलेले आवडत नाही.

पडद्यावरची रेघ उतरत गेली, तळाला टेकली. तळाचा आकडा मी दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा, तीन विषम म्हणून.

तीन वाजून चार मिनिटे. १४.१७. फरक शून्य पूर्णांक दोन टक्के.

मी ओरडले. ध्रुवीने मला मिठी मारली आणि मासे, चिखल, जांभळा झगा असे सर्व एक झाले. जीतूभाईने जीपचा हॉर्न वाजवला. सर पलीकडच्या काठावर हात कानामागे धरून उभे होते. वारा आडवा होता, शब्द पोहोचत नव्हते. म्हणून मी बोटांनी सांगितले : एक. चार. मूठ, म्हणजे टिंब. एक. सात. त्यांनी तेच बोटांनी परत करून दाखवले. रेडिओवर ऐकलेला आकडा परत वाचून दाखवायचा असतो. हातांनीही त्यांनी नियम मोडला नाही. मग त्यांनी ताडाच्या खोडाला पाठ टेकवली आणि इतक्या लांबूनही मला त्यांचे खांदे हलताना दिसले.

अहवालात मी दोन्ही आकडे लिहिले. वेष्टणासह १३.७४, वेष्टण काढल्यावर १४.१७, आणि वेष्टण काढण्याची पद्धत : नऊ व्यक्ती, मासे साफ करण्याच्या सुऱ्या, नखे.

त्यानंतरही दोन महिने सर प्रयोगशाळेत होते. मग निवृत्त होऊन साक्रीकडे गेले. शेतात तार ताणली आहे, उघडी, असे त्यांनी कळवले. काकू तिच्यावर कपडे वाळत घालतात हेही कळवले. पण माझ्या नोंदवहीतले देवरे सर दुधनीलाच संपतात. थांबायला वेळ नव्हता. ते होडीने परत येईपर्यंत उशीर झाला असता. तार उतरवायचे काम त्यांनी हातवाऱ्यांनीच स्वतःकडे घेतले आणि मला जीपकडे पिटाळले. जीप वळली तेव्हा मी मागे वळून पाहिले. पाण्यावर तांब्याची एक बारीक रेघ, तिच्या पार टोकाला, दोरीचा हिसका एका हाताने पेलून धरलेला, गुलाबी कानाचा माणूस. दुसरा हात त्यांनी उंच केला. आधी पाच बोटे, त्यांना जोडून लगेच दोन. थोडे थांबून तीन.

मी जीपच्या धक्क्यांत वही मांडीवर धरली आणि वेळ घातली, तीन वाजून एकोणीस मिनिटे, आणि तिच्यासमोर लिहिले : ७३.